मोठ्या आतड्यातले फुगवटे: कधी भाकरी, कधी पेज आणि कधी थेट दवाखाना

कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीच्या) किंवा सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'मल्टिपल डायव्हर्टिक्युला इन सिग्मॉइड कोलन', म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात अनेक फुगवटे, अशी ओळ दिसली की काही घरांत धास्तीपोटी भाकरी, उसळ, शेंगदाणे, पेरू ताटातून हद्दपार होतात. काही घरांत 'वयाप्रमाणे असायचंच' म्हणून फाईल कपाटात जाते. दोन्हींत नुकसान आहे. हा आजार सांभाळायचा तर रोज एकच गोष्ट ओळखावी लागते: आज फुगवटे शांत आहेत, सुजलेत, की त्यांतून रक्त येतंय? तिन्ही वेळा आहार वेगळा, औषध वेगळं आणि घाईही वेगळी. शांत काळातलं पथ्य सुजेच्या काळात कुपथ्य ठरतं, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते.

फुगवटे होतात कसे

मोठ्या आतड्याच्या भिंतीत आतून अस्तर आणि त्याबाहेर स्नायूंचा थर असतो. अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या हा स्नायूंचा थर भेदून आत येतात. त्या जागा जन्मतःच थोड्या कच्च्या असतात. वर्षानुवर्षं आतला दाब वाढत राहिला की अस्तर त्याच फटींतून बाहेर ढकललं जातं आणि छोटी पिशवी तयार होते. ती साधारण 5 ते 10 मिलिमीटरची, म्हणजे तुरीच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढी असते. गुदाशयाच्या अलीकडचा, डाव्या बाजूचा वळणदार भाग म्हणजे सिग्मॉइड. आतड्याचा हा भाग सर्वांत अरुंद, त्यामुळे दाबही तिथेच जास्त आणि फुगवटेही तिथेच जास्त. जपान, चीन, कोरिया या भागांत मात्र ते उजव्या बाजूला जास्त आढळतात. उजवीकडचे फुगवटे सुजले तर दुखणं थेट अपेंडिक्ससारखं वाटतं, म्हणून तपासणीशिवाय बाजू पाहून निदान करता येत नाही.

ही रचना लक्षात आली की पुढचं आपोआप कळतं. पिशवीची भिंत पातळ, म्हणून ती सुजू आणि फुटू शकते. धमनी पिशवीच्या भिंतीला अगदी चिकटून जाते, म्हणून तिला इजा झाली की दुखल्याशिवायच भळाभळा रक्त येतं. एकदा झालेले फुगवटे नाहीसे होत नाहीत. पिशव्या 'विरघळवणारं' किंवा 'बुजवणारं' औषध कुठल्याच पद्धतीत नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

दिलासाही तितकाच खरा आहे. फुगवटे असलेल्या शंभर जणांपैकी पाचपेक्षा कमी लोकांना आयुष्यात कधी सूज येते. बाकीच्यांना ते आहेत हेही कळत नाही. पाश्चात्त्य देशांत साठीपुढच्या जवळपास निम्म्या लोकांत ते सापडतात. नुसते फुगवटे असणं म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस, तर सूज येणं म्हणजे डायव्हर्टिक्युलायटिस. रिपोर्टमध्ये दोन्हींपैकी कोणता शब्द आहे ते आधी पाहा.

रिपोर्टमधल्या ओळी

'नो एव्हिडन्स ऑफ इन्फ्लमेशन' असेल तर फुगवटे शांत आहेत. 'वॉल थिकनिंग' म्हणजे भिंत जाड झाली आहे आणि 'पेरिकॉलिक फॅट स्ट्रँडिंग' म्हणजे आतड्याभोवतीच्या चरबीत सुजेच्या रेषा दिसताहेत. हे दोन्ही एकत्र असतील तर सूज चालू आहे. 'अॅब्सेस' म्हणजे पू साठला आहे. त्यापुढे सेंटिमीटरमध्ये माप दिलेलं असतं, ते महत्त्वाचं, कारण पुढचे उपचार त्यावर ठरतात. 'एक्स्ट्राल्युमिनल एअर' म्हणजे आतड्याबाहेर हवा, अर्थात कुठेतरी छिद्र पडलं आहे. काही रिपोर्टमध्ये 'हिंची' आणि पुढे आकडा असतो. 1978 पासून वापरात असलेली ही श्रेणी आहे: 1 म्हणजे आतड्यालगतचा पू, 2 म्हणजे ओटीपोटात लांबवर साठलेला पू, 3 म्हणजे पोटभर पसरलेला पू आणि 4 म्हणजे पोटात मळ सांडलेला. 3 आणि 4 या तातडीच्या शस्त्रक्रियेच्या अवस्था आहेत.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे सूज नाही, असं धरून चालू नका. आतड्यातल्या वायूमुळे सोनोग्राफीत बरंच झाकलं जातं, आणि करणाऱ्याचा हात किती सरावलेला आहे यावरही खूप अवलंबून असतं. संशय असेल तर शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन ही भरवशाची तपासणी. त्याआधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा. गरोदर स्त्रीसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआयचा मार्ग धरतात.

शांत काळ: चोथा वाढवा, पण सावकाश

1971 मध्ये डेनिस बर्किट आणि नील पेंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी मांडलं की हा कमी चोथ्याच्या (फायबरच्या) पाश्चात्त्य आहाराचा आजार आहे. तेव्हापासून कोंडा आणि फुगवटे यांची सांगड बसली. नंतरच्या अभ्यासांनी चित्र थोडं बदललं. चोथा कमी खाल्ल्यामुळेच फुगवटे तयार होतात, हे आता तितकं ठाम मानलं जात नाही. पण भरपूर चोथा खाणाऱ्यांना सुजेचा त्रास कमी होतो, हे वारंवार दिसलं आहे. म्हणून सल्ला तोच राहिला.

मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 35 ग्रॅम चोथा पुरतो. आपल्या स्वयंपाकघरात तो गाठणं अवघड नाही. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 10 ग्रॅम, बाजरी, नाचणी आणि गव्हाच्या कणकेत 11 ग्रॅमच्या आसपास, पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात मात्र 3 ग्रॅमपेक्षाही कमी चोथा असतो. अख्ख्या मुगात 17, तूरडाळीत 9, मेथीच्या पाल्यात 5 आणि पेरूत 8 ग्रॅमच्या वर. याचा दिवसभराचा हिशोब मांडून पाहा. 110 ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्यांत 11 ग्रॅम, 30 ग्रॅम कोरड्या मुगाच्या वाटीभर उसळीत 5, 30 ग्रॅम डाळीच्या आमटीत पावणेतीन, 100 ग्रॅम मेथीच्या भाजीत 5 आणि एका मध्यम पेरूत 8. बेरीज 31-32 ग्रॅम. तेच दोन्ही वेळा पांढरा भात, पाव-बटर, बिस्किटं आणि बटाट्याची भाजी असेल तर दिवसाअखेर निम्मंही पदरात पडत नाही.

आज 12 ग्रॅम खाणाऱ्याने उद्या 30 ग्रॅम खाल्ले तर पोट फुगतं, कळा येतात, आणि 'मला चोथा सोसत नाही' म्हणून माणूस कायमचा मागे फिरतो. आठवड्याला 5 ग्रॅमच वाढवा. पहिल्या आठवड्यात एका जेवणातला भात काढून भाकरी घ्या. दुसऱ्यात मोड आणून, मऊ शिजवलेल्या मुगाची उसळ आणा. मटकी, चवळी, हरभरा नंतर. छोले-राजमा सर्वांत शेवटी, कारण त्यांनी वायू जास्त धरतो. पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर हवं. पाण्याविना चोथा वाढवला तर मळ आणखी घट्ट होतो आणि कुंथावं लागतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर चोथा किती वाढवायचा तेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जेवणातून पुरेसा चोथा जमत नसेल तर इसबगोल घ्या. सुरुवात दिवसातून एकदा, एका चमच्याने. ग्लासभर, म्हणजे 250 मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्या. ठेवलात तर त्याची लापशी होते. वर आणखी एक ग्लास पाणी घ्या. कोरडं इसबगोल तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं धोक्याचं, कारण ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. झोपायला आडवं होण्याच्या तोंडावर घेऊ नका. थायरॉइडच्या गोळीसह इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. ओकाऱ्या होत असतील, वायू सरत नसेल किंवा पोट अचानक दुखू लागलं असेल, तर इसबगोल बंद.

बियांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण या एका समजुतीने कितीतरी घरांतलं चांगलं अन्न बंद झालंय. टोमॅटोच्या, काकडीच्या, पेरूच्या बिया, तीळ, शेंगदाणे पिशवीत अडकतात आणि सूज येते, असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून जास्त पुरुषांवर 18 वर्षं लक्ष ठेवून 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत सूज किंवा रक्तस्राव वाढलेला दिसला नाही. शांत काळात तिळाची चटणी, दाण्याचं कूट, पेरू बिनधास्त खा. एखाद्या पदार्थाने तुम्हालाच दर वेळी त्रास होत असेल तर तो तेवढा टाळा.

आहाराशिवाय आणखी काही गोष्टींनी धोका बदलतो. रोजचं लाल मांस, पोटाभोवतीची चरबी आणि सिगारेट यांनी तो वाढतो. घाम येईल असा नियमित व्यायाम केल्यास कमी होतो. सर्वांत दुर्लक्षित मुद्दा मात्र वेदनाशामक गोळ्यांचा आहे. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने सूज, छिद्र आणि रक्तस्राव तिन्हींचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलसोबत हीच औषधं मिसळलेल्या गोळ्याही भरपूर मिळतात, म्हणून पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. दुखण्यासाठी नुसतं पॅरासिटामॉल घ्या: 500 किंवा 650 मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर आणि दिवसाला 3 ग्रॅमच्या आत. यकृताचा आजार असेल किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका.

सूज आली की

बेंबीच्या खाली, बहुधा डावीकडे, एकाच जागी सतत ठणकणारं दुखणं, दाबल्यावर जास्त, सोबत ताप, मळमळ, बद्धकोष्ठ किंवा जुलाब. वायूचं दुखणं जागा बदलतं, वायू सरला की उतरतं. सुजेचं दुखणं जागचं हलत नाही आणि तासागणिक वाढत जातं. खोकताना, जिना उतरताना, रिक्षाच्या धक्क्याने त्या जागी कळ येते.

अशा वेळी घराघरांतून पहिला सल्ला मिळतो, 'पोट साफ होऊ दे, बरं वाटेल.' मग एरंडेल, जुलाबाचं चूर्ण, एनिमा. सुजलेल्या, पातळ भिंतीच्या आतड्याला जोराने आकुंचन पावायला लावणं म्हणजे छिद्राला आमंत्रण. यातलं काहीही देऊ नका. पोट चोळू नका.

पहिलाच झटका असेल तर घरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सीआरपी (सूज किती आहे ते दाखवणारी रक्ताची तपासणी), लघवीची तपासणी आणि सीटी स्कॅन यांतून निदान पक्कं झालं आणि गुंतागुंत नसली, तर बरेच रुग्ण घरीच बरे होतात. निदान झाल्यावर घरचा क्रम असा ठेवा:

पहिले दोन-तीन दिवस फक्त पातळ आणि गाळलेलं. नारळपाणी, साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी, भाताच्या पेजेचं वरचं पाणी, मुगाच्या वरणाचं निवळ, गाळलेलं सूप, फिका चहा. दर तासा-दोन तासांनी कपभर. मधुमेही माणसाने गोळ्यांची आणि इन्सुलिनची मात्रा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून बदलून घ्यावी. पोटात अन्न नसताना नेहमीचा डोस घेतला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

दुखणं उतरू लागलं की कमी चोथ्याचं मऊ अन्न घ्या: भाताची पेज, गुरगुट्या भात आणि मुगाच्या डाळीचं वरण, ताक, साल काढून शिजवलेला दुधी, उकडलेला बटाटा, अंडं, पिकलेलं केळं. भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि इसबगोल या काळात बंद. दुखणं पूर्ण थांबल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत चोथा पुन्हा त्याच सावकाश गतीने वाढवा. बरं वाटल्यावरही महिनोन्महिने पेजेवरच राहणारे लोक पुढच्या झटक्याची वाट मोकळी करतात.

अँटिबायोटिक्स दर वेळी लागतातच असं नाही. 2012 मध्ये स्वीडन-आइसलँडमधल्या आणि 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासांत, गुंतागुंत नसलेली सूज अँटिबायोटिक्सशिवायही तितकीच बरी होते असं दिसलं. पण हा निर्णय सीटी पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. सीआरपी 140 च्या वर, पांढऱ्या पेशी 15,000 च्या वर, सतत ओकाऱ्या, पाच दिवसांहून जास्त चाललेलं दुखणं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असेल तर ती द्यावीच लागतात. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू वर्ज्य. गेल्या वेळची उरलेली गोळी यंदा काढून घेणं वाईट: सूज अर्धवट दबते, पू साठत राहतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पुढचं काही दिसलं तर घरचा क्रम सोडून थेट मोठ्या रुग्णालयात जा: ताप 101 फॅरनहाइटच्या वर, पोट फळीसारखं कडक, पाणीही न टिकणं, वायू आणि मळ दोन्ही बंद, भोवळ, 48 ते 72 तासांत उतार न पडणं. लघवीतून बुडबुडे येणं किंवा लघवीला मळाचा वास येणं म्हणजे आतडं आणि मूत्राशय यांच्यात मार्ग तयार झाला असण्याची शक्यता. लोक याला लघवीचा संसर्ग समजून महिनोन्महिने गोळ्या खातात. स्टेरॉइड घेणारे, केमोथेरपी चालू असलेले आणि अवयव प्रत्यारोपण झालेले यांच्यात आतडं फुटलं तरी ताप आणि दुखणं किरकोळच असू शकतं. त्यांनी 'जरासंच दुखतंय' म्हणून थांबू नये.

रक्त पडलं तर

फुगवट्यातला रक्तस्राव अचानक आणि बहुधा न दुखता होतो. शौचाची घाई होते आणि लाल किंवा काळपट लाल रक्त, कधी गाठींसह, वाटी-वाटीने पडतं. मूळव्याधीत बहुधा मळाच्या शेवटी थेंब किंवा धार दिसते. पण हा फरक घरी बसून ठरवायचा नाही. 'जुनी मूळव्याध आहे' म्हणत वर्षानुवर्षं लेप आणि पुड्या घेतल्या जातात आणि दरम्यान फुगवटाच काय, कॅन्सरही नजरेआड राहतो. चाळिशीपुढे शौचातून रक्त आलं तर एकदा कोलोनोस्कोपी करून खात्री करून घ्या.

रक्त जास्त पडलं, चक्कर आली, छातीत धडधड झाली तर माणसाला आडवं झोपवा, एकट्याला पुन्हा शौचालयात जाऊ देऊ नका आणि 108 ला फोन करा. खायला काही देऊ नका. रक्तपेढी आणि एंडोस्कोपीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाकीट सोबत न्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. चारांपैकी तीन रुग्णांत रक्तस्राव आपोआप थांबतो. न थांबल्यास कोलोनोस्कोपीतून क्लिप लावतात किंवा सीटी अँजिओग्राफीने जागा शोधून धमनी आतून बंद करतात.

झटका ओसरल्यावर

सूज चालू असताना कोलोनोस्कोपी टाळतात, कारण त्यात आतड्यात हवा भरावी लागते आणि कमजोर भिंत फुटू शकते. ती सहा ते आठ आठवड्यांनी करतात. गेल्या वर्षभरात कोलोनोस्कोपी आधीच नीट झाली असेल तर बहुधा गरज नसते. पण झटका गुंतागुंतीचा असेल तर चुकवू नका, कारण सीटीवर सुजेने जाड झालेली भिंत आणि कॅन्सरची गाठ सारख्याच दिसू शकतात.

काहींना सूज गेल्यावरही महिनोन्महिने अधूनमधून दुखतं आणि सीटी मात्र स्वच्छ येतो. यात खोटं काही नसतं. सुजेनंतर आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील राहतात. त्यावर वेगळी औषधं आहेत. पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक्स हा त्यावरचा इलाज नव्हे. पुढचा झटका टळावा म्हणून मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करणारं औषध) किंवा प्रोबायोटिकच्या महाग पुड्या महिनोन्महिने घेण्यालाही पुराव्याचा आधार नाही. त्या पैशांतून वर्षभराचा पेरू, मूग आणि ज्वारी येते.

पूर्वी दोन झटके झाले की आतड्याचा भाग काढून टाकायचा, असा नियम होता. आता झटके मोजून शस्त्रक्रिया ठरवत नाहीत. पहिल्या झटक्यानंतर दहा वर्षांत साधारण पाचांपैकी एकालाच पुन्हा त्रास होतो, आणि आतडं फुटायचं असेल तर ते बहुधा पहिल्याच झटक्यात फुटतं. पू 3-4 सेंटिमीटरहून मोठा असेल तर आधी सीटीच्या आधाराने बाहेरून नळी घालून काढतात. मूत्राशयाशी जोडलेला मार्ग, आतडं अरुंद होणं, किंवा जगणं अवघड करणारे वारंवारचे झटके असतील तर नियोजित शस्त्रक्रियेचा विचार करावा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत बहुधा आतडं तिथल्या तिथे जोडता येतं. पोटात मळ सांडल्यावरच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत मात्र अनेकदा आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावावी लागते, आणि ते परत जोडायला काही महिन्यांनी दुसरी मोठी शस्त्रक्रिया लागते. संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनना तीन गोष्टी विचारा: पिशवी लागण्याची शक्यता किती, लागली तर परत कधी जोडणार, आणि पिशवीची काळजी घ्यायला शिकवणारी प्रशिक्षित नर्स तिथे आहे का.